जमीन ओळखणाऱ्यांचा अवकाश-उद्योग

डिचोलीहून साखळीकडे निघाले की वाटेत कारापूर-तिस्क लागते. गावाच्या एका अंगाने वाळवंटी नदी वाहते, तिच्या काठी विठ्ठलापूरचे विठ्ठल मंदिर आहे. आसपास काजूचे डोंगर, कुळागरे, भातशेती. थोडे पुढे गेले की खाणपट्टा सुरू होतो: पाण्याने भरलेले खड्डे, खाणीतून काढून टाकलेल्या लाल मातीचे ढीग म्हणजे डंप, त्यांच्यावर लावलेली आकेशियाची झाडे. अवकाश-उद्योगाची ओळख करून देणारी प्रस्तावना बंगळुरूपासून किंवा श्रीहरिकोट्यापासून सुरू करणे सोपे झाले असते. ती मी मुद्दाम इथून सुरू करतो, कारण पृथ्वीकडे पाहणारे उपग्रह ज्या गोष्टींचा शोध घेत असतात, त्यांतल्या कितीतरी या गावापासून तासाभराच्या अंतरात आहेत. आणि त्या ओळखणारी माणसेही इथेच राहतात.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला पहिल्याच पानावर एक गोष्ट सांगतो. उपग्रहांच्या चित्रांची आज टंचाई नाही. अमेरिकेने लँडसॅटची चित्रे 2008 साली मोफत केली, युरोपचे सेंटिनेल पहिल्यापासून मोफत आहेत, आणि भारताच्या 2023च्या अवकाश धोरणाने पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची आपली चित्रेही खुली ठेवायचे ठरवले. टंचाई आहे ती चित्रातल्या ठिपक्याखाली प्रत्यक्षात काय आहे हे खात्रीने सांगणाऱ्या माणसांची. तो ठिपका डंप आहे की नांगरलेले शेत, वणवा आहे की काजूच्या बागेतला पालापाचोळा जाळलेला, हे सांगणारा माणूस या उद्योगातला सर्वांत दुर्मीळ घटक आहे. कारापूरसारख्या गावात अवकाश-उद्योगाचा स्टार्टअप उभा राहू शकतो असे मी म्हणतो, ते या एका आधारावर.

दार कसे उघडले, ते थोडक्यात पाहू. खासगी कारखाने इस्रोसाठी फार पूर्वीपासून राबत आले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याचे इस्रोशी नाते 1973 पासूनचे आहे. अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तिथे घडली. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इंजिने तयार झाली. पण ही मंडळी पुरवठादार होती. आपल्या नावाचा अग्निबाण किंवा उपग्रह सोडण्याची मुभा त्यांना नव्हती. जून 2020 मध्ये केंद्राने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि परवानगी व मदत यांसाठी अहमदाबादेत इन-स्पेस ही संस्था उभी केली. 18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या स्कायरूटचा विक्रम-एस उडाला, 30 मे 2024 रोजी चेन्नईच्या अग्निकुलचा अग्निबाण. बंगळुरूच्या पिक्सेलचे व्यावसायिक उपग्रह जानेवारी 2025 पासून कक्षेत फिरत आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अवकाश-स्टार्टअपसाठी 1,000 कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. ही सारी नावे मोठ्या शहरांची आहेत. म्हणून डिचोलीतला तरुण अभियंता ती वाचतो आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवतो.

त्याने ते ठेवू नये. मात्र त्याने अग्निबाणाच्या मागेही लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अग्निबाणाला स्फोटक इंधन हाताळण्याची जागा लागते, चाचणीचे मैदान लागते आणि पहिले उड्डाण होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबणारे भांडवल लागते. दाट वस्तीच्या, 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यात हे जुळणे अवघड. लहान उपग्रह बनवणे त्या मानाने जवळचे. दहा सेंटिमीटर बाजूचा घनाकृती उपग्रह ही कल्पना 1999 मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी काढली, आणि तिने सगळा व्यवसाय बदलला. आपल्याकडे पुण्याच्या सीओईपीचा सुमारे एक किलोचा 'स्वयम्' जून 2016 मध्ये आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरात कक्षेत गेला. दोन्ही विद्यार्थ्यांनी केलेले. पण दोन्हींना आठ-नऊ वर्षे लागली. सुरुवात करणारे विद्यार्थी उड्डाणाच्या दिवसापर्यंत केव्हाच नोकरीला लागले होते. आता पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच प्रयोगांचे व्यासपीठ म्हणून वापरता येतो, त्यामुळे पूर्ण उपग्रह न बांधताही एखादे उपकरण अवकाशात पारखता येते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांच्या मानस्तु स्पेसने आपली हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी प्रणोदन यंत्रणा अशीच डिसेंबर 2024 मध्ये पाठवली. हा मार्ग फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही मोकळा आहे. तरीही गावातून सुरुवात करणाऱ्याने पहिली भाकरी या चुलीवर भाजेल असे समजू नये.

पहिली भाकरी चित्रे वाचण्यात आहे. त्यासाठी या तालुक्याचे उदाहरण जरा विस्ताराने घेऊ.

डिचोलीच्या खाणींची कथा गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 2014 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणींच्या भाडेपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. 2022 च्या अखेरीस पट्ट्यांचा लिलाव सुरू झाला. त्यातला पहिला पट्टा डिचोलीचाच. या साऱ्या वर्षांत एक गोष्ट जागची हलली नाही असे वाटते, पण ती सतत हलत असते: डंप. पावसाळ्यात त्यांची माती ओघळते, ओढ्यातून शेतात येते. डंप किती खचला, कोणत्या बाजूने खचला, ही माहिती पावसाच्या चार महिन्यांत सर्वांत जास्त लागते, आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी भरलेले असते. साधे छायाचित्र घेणारा उपग्रह त्या काळात आंधळा होतो.

रडार उपग्रह मात्र आंधळा होत नाही. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो; ढग त्याला अडवत नाहीत, रात्रही नाही. एकाच कक्षेतून बारा दिवसांच्या अंतराने दोनदा पाहिले आणि परतलेल्या लहरींच्या कलेतला (फेजमधला) फरक काढला, तर जमीन उपग्रहाकडे किंवा त्याच्यापासून दूर किती सरकली ते सेंटिमीटरच्या हिशोबात कळते. युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाची तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर आहे. जमीन तिच्या निम्म्याने, म्हणजे 2.8 सेंटिमीटरने सरकली की कलेचे एक आवर्तन पूर्ण होते. पुस्तकात हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात डंपावर आकेशिया आणि काजू लावलेले असतात, त्यांची पाने बारा दिवसांत वाढतात, वाऱ्याने हलतात, आणि दोन वेळच्या लहरींचा मेळच लागत नाही. उघड्या, ताज्या डंपावर पद्धत चालते, हिरव्या डंपावर फसते. इथे लांब लहर कामी येते. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर सुमारे 24 सेंटिमीटरची आहे, ती पानांतून बऱ्याच अंशी पार होते. तोही दर बारा दिवसांनी तीच जागा पाहतो आणि त्याची माहिती खुली ठेवण्याचे धोरण आहे. हिरव्या डोंगरांच्या गोव्याला यापेक्षा उपयोगी उपग्रह आजवर मिळालेला नव्हता.

आणि इथेच लोखंड कापणारा वर्कशॉपवाला या कथेत येतो. झाडीने भरलेल्या उतारावर रडारला एक पक्का, न हलणारा बिंदू हवा असेल तर धातूचा कोपरा-परावर्तक बसवतात: एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन पत्रे, एखाद्या खोलीचा कोपरा कापून काढावा तसे. त्यावर पडलेली लहर ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत जाते आणि चित्रात तो बिंदू ताऱ्यासारखा चमकतो. लहर जितकी लांब तितका परावर्तक मोठा लागतो. पत्रे एका अंशाच्या आत काटकोनात हवेत, ते वाकता कामा नयेत, पाणी साचू नये म्हणून तळाशी भोक हवे, पाया काँक्रीटचा हवा आणि तोंड उपग्रहाच्या कक्षेकडे हवे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करू शकेल असा माणूस शोधायला फार फिरावे लागणार नाही. ज्यांनी खाणींच्या क्रशरची, ट्रकच्या हौद्यांची, मांडवीतल्या बार्जेसची कामे केली, त्यांना जाड पत्रा, वेल्डिंगची ओढ आणि खाऱ्या हवेतला गंज यांविषयी कुणी शिकवण्याची गरज नाही. अवकाश-उद्योगातला हा त्यांचा पहिला माल होऊ शकतो, आणि तो जमिनीवरच राहतो.

दुसरे उदाहरण आगीचे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत दिवसेंदिवस आगी लागत राहिल्या; हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या सूचना देते. त्यासाठीच्या एका संवेदकाचा ठिपका एक किलोमीटरचा, दुसऱ्याचा 375 मीटरचा. या दुसऱ्या, चौदा हेक्टरांच्या ठिपक्यातही एक काजूची बाग, एक पायवाट, थोडे सरकारी जंगल असे सारे मावते. काजूचा हंगाम येण्याआधी बागायतदार खालचे गवत साफ करून जाळतात, हे सत्तरी-डिचोलीत लहान मुलालाही माहीत आहे. ते संगणकाला माहीत नाही. सूचना आली की ती कुणाच्या बागेतली आहे, तिथे कोणत्या वाटेने पोचता येईल, आणि आज तिथे कुणी गवत जाळणार होते का, एवढे तीन प्रश्न पाच मिनिटांत सोडवणारी सेवा वनखात्याला खरोखर उपयोगी पडेल. तिच्यासाठी उपग्रह लागत नाही, गावागावांत फोन उचलणारी विश्वासू माणसे लागतात.

बाकीच्या शक्यतांची फक्त नोंद करतो. पिक्सेलसारख्या कंपन्यांचे उपग्रह प्रकाशाचे कितीतरी बारीक पट्टे वेगळे पाहतात. हेमॅटाइट सुमारे 860 नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो तर गोएथाइट 900 च्या पुढे, म्हणून डंपात कोणते खनिज उरले आहे याचा अंदाज वरून बांधता येतो. पण तो पारखायला खाणीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासलेला रसायनतज्ज्ञच हवा. तिळारीचे पाणी दोडामार्गाहून कालव्यांनी पेडणे, डिचोली, बार्देशपर्यंत येते. त्या पाण्यावर कुठे वायंगण शेती झाली आणि कुठे जमीन पडीक राहिली, हे दर हंगामात मोजता येईल. मोरजी-मांद्रेचा कासवांचा किनारा किती झिजला, मयेची, पिळगावची शेती किती गाळाखाली गेली, हे प्रश्नही याच जातीचे.

आता माणसांकडे वळू, कारण स्टार्टअप उपग्रहाच्या जिवावर चालत नाही. कारापूरपासून जवळच पर्ये येथे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संकुल आहे आणि तिथे अटल इनक्युबेशन सेंटर आहे. नवउद्योगांना आधार देणारी अशीच केंद्रे म्हणजे वेर्ण्याला सीबा आणि मडगावला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातले फायर; शिवाय दोनापावलाला 1966 पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र, सांकवाळला बिट्स. पिळर्णेच्या औद्योगिक वसाहतीतून मोठी झालेली किनेको ही संमिश्र पदार्थांची कंपनी विमान आणि संरक्षण क्षेत्रापर्यंत पोचली, इस्रोही तिच्या ग्राहकांत आहे. गोव्याच्या मातीत असे काही होत नाही, हा समज तिने केव्हाच खोटा ठरवला. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे आणि तुये येथे इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आखलेली आहे. गोव्याची व्यापार व उद्योग मंडळी 1908 पासून संघटित आहेत. एवढ्या लहान राज्यात एवढी माणसे एकमेकांच्या फोनच्या अंतरावर असणे ही मोठ्या शहरांना न मिळणारी सोय आहे.

उद्योजकांच्या या गोतावळ्याकडून भांडवल मिळेल असे नवखा धरून चालतो. मला वाटते, त्याहून मोलाच्या दोन गोष्टी तिथे मिळतात. एक, पहिला ग्राहक. पंचायत पैसे देऊ शकत नाही आणि सरकारी खात्याचे देयक निघायला वेळ लागतो, तोवर पगार थांबतात. पण खाण चालवणाऱ्याला डंपांची स्थिती कळवावी लागते, बँकेला बागायतीच्या कर्जाची शहानिशा करावी लागते, विमा कंपनीला पुराची नोंद लागते. ही दारे ओळखीने उघडतात, आणि ओळखी ट्रक संघटनेच्या माणसाकडे, सनदी लेखापालाकडे, जुन्या खाण-सर्व्हेयरकडे असतात. दुसरी गोष्ट, खरी टीका. साखळीच्या बाजारात एखादा निवृत्त खाण-फोरमन तुमचा नकाशा पाहून 'हा डंप नाही, हा रस्त्याचा भराव' असे म्हणाला, तर ते वाक्य महिन्याभराच्या संगणकी कामापेक्षा किमती आहे. त्याला त्या वाक्याचे पैसे द्या. खाणी बंद पडल्यावर ज्यांचे ट्रक आणि बार्ज उभे राहिले, ज्यांची कसबे विनावापर राहिली, त्यांना सल्लागार म्हणून ताळेबंदात जागा देणारी कंपनीच इथे टिकेल असे मला वाटते.

वर्कशॉपवाल्यांसाठी एक कठोर गोष्टही सांगायला हवी. अवकाशात जाणाऱ्या भागांची नोंदवही भागाइतकीच महत्त्वाची असते. धातू कुठल्या ओतीचा, कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशी, कुणी मोजला, हे सारे लिहिलेले असावे लागते, आणि विमान-अवकाश क्षेत्राचे एएस 9100 प्रमाणपत्र त्यासाठीच असते. 'काम चांगले आहे, कागद नंतर बघू' ही सवय इथे चालत नाही. परावर्तक, अँटेनाचे खांब, उपग्रह वाहून नेण्याच्या पेट्या अशा जमिनीवरच्या मालापासून सुरुवात करून ही शिस्त अंगी बाणवली, तर पुढे चाचण्यांसाठी अहमदाबादला इन-स्पेसच्या तांत्रिक केंद्राचे दार ठोठावता येते.

आणखी एक प्रश्न या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकापुढे येईल, तो टाळू नये. वरून पाहणारा माणूस कुणाच्या बाजूचा? डिचोली आणि पेडण्यात आज जमिनींच्या रूपांतराइतका तापलेला दुसरा विषय नाही. ज्या चित्राने बेकायदा खोदकाम सापडते, त्याच चित्राने विकत घेण्याजोगा मोकळा डोंगरही सापडतो. केंद्राने 2016 मध्ये सुरू केलेली खाण-देखरेख यंत्रणा पट्ट्याच्या हद्दीबाहेर पाचशे मीटरपर्यंतचे बदल उपग्रहावरून तपासते. तिची सूचना अधिकाऱ्याकडे जाते. तसाच नकाशा गावाकडेही असायला हवा. खाणींमुळे आटलेल्या शिरगावच्या विहिरींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, त्याआधी दर उन्हाळ्यात पाणी किती खाली गेले याची गावाकडे स्वतःची, पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण होती. आठवणीला मोजमापाची जोड मिळाली तर गावाची बाजू भक्कम होते. म्हणून इथल्या कंपनीने ग्राहकासाठी केलेले काम ग्राहकाचे ठेवावे, पण मोफत चित्रांवरून काढलेला तालुक्याचा नकाशा मराठी-कोंकणीत सर्वांसाठी खुला ठेवावा. हे औदार्य म्हणून सांगत नाही. गावाचा विश्वास गेला तर ठिपक्याखाली काय आहे हे सांगायला कुणी येणार नाही, आणि मग तुमच्यात आणि बंगळुरूच्या कंपनीत काही फरक राहणार नाही.

वाचनाची सुरुवात कुठून करावी असे विद्यार्थी विचारतात. रडारचे गणित महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या पुढे फार जात नाही. तरंग, कला आणि त्रिकोणमिती पक्की असली की पुरे. लागणारी आज्ञावली मोफत मिळते. कठीण भाग पायांनी करायचा आहे. मान्सूनआधी एकदा आणि मान्सूननंतर एकदा त्याच डंपावर चढून खुणा मोजणे, त्या चित्राशी ताडून पाहणे, आणि न जुळलेली ठिकाणे लपवून न ठेवता लिहून काढणे. पाच वर्षे असे केलेल्या पाच तरुणांजवळ जे असेल, ते कुठल्याही गुंतवणूकदाराच्या पैशाने विकत घेता येणार नाही.

खाणबाधित भागांसाठी 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, आणि पर्यावरण व कौशल्यविकास ही त्यांच्या खर्चाची मान्य कारणे आहेत. डंपांवर परावर्तक बसवणे, ते गावातल्याच वर्कशॉपकडून घडवून घेणे आणि गावातल्याच मुलांना त्यांची मोजणी शिकवणे, हे काम या कारणांत चपखल बसते. कारापूर आणि आसपासच्या पंचायतींनी ग्रामसभेत असा ठराव करून प्रतिष्ठानाकडे पाठवावा, आणि तो लिहायला या क्षेत्रातल्या जाणकारांनी त्यांना मदत करावी, अशी माझी दोघांनाही विनंती आहे.